एन्व्ही आणि जेलसी : दोन शब्द, दोन दुखणी



आपल्या मुलांच्या बोलण्यात 'जेलस' हा शब्द आता अगदी रुळला आहे. मैत्रिणीने नवा मोबाइल घेतला की 'मी जेलस आहे'. आईने धाकट्याला मांडीवर घेतले की 'ताई जेलस झाली'. बायको कुणाशी हसून बोलली आणि नवरा गप्प बसला की 'तो जेलस आहे'. प्रसंग तीन, शब्द एकच. 'एन्व्ही' हा दुसरा शब्द मात्र मुलांना शाळेच्या पुस्तकात भेटतो आणि बहुधा तिथेच राहतो. दोन्ही शब्दांचा अर्थ विचारला तर आपण मोठी माणसेसुद्धा एकच उत्तर देतो : मत्सर.

ह्या रविवारी आम्ही हे दोन शब्द शेजारी शेजारी ठेवून पाहणार आहोत. मुलांचे इंग्रजी सुधारावे हा एक हेतू आहेच. परंतु त्याहून महत्त्वाचे कारण असे की हे दोन शब्द मनाच्या दोन निरनिराळ्या दुखण्यांची नावे आहेत. ताप कशाचा आहे ते कळल्याशिवाय डॉक्टर औषध देत नाहीत. मनाचेही तसेच आहे. पापनिवेदनाला जाण्यापूर्वी आपण विवेकाची तपासणी करतो, तेव्हा आत नेमके काय सलते आहे ते ओळखता आले तर त्यावर उपायही नेमका करता येतो.

साधी ओळख

एन्व्ही म्हणजे जे दुसऱ्याजवळ आहे आणि माझ्याजवळ नाही, त्याचे मला होणारे दुःख. जेलसी म्हणजे जे माझे आहे ते दुसरा कुणी घेऊन जाईल, ही मला वाटणारी भीती.

लक्षात ठेवायला बोटांचा उपयोग करावा. एन्व्हीला दोन बोटे पुरतात : मी आणि तो. त्याच्या मुलाला नोकरी लागली, माझ्या मुलाला लागली नाही. जेलसीला बहुधा तीन बोटे लागतात : मी, माझे माणूस आणि मध्ये येणारा तिसरा. मी, माझी बायको आणि तिचा ऑफिसातला सहकारी. मी, माझी आई आणि नवे जन्मलेले बाळ. एन्व्ही करणाऱ्याचा हात रिकामा असतो, जेलसी करणाऱ्याची मूठ आवळलेली असते.

ह्या दोघांच्या शेजारी राहणारा एक तिसरा शब्द आहे : लोभ. त्याच्याशी गल्लत करू नये. शेजाऱ्याची गाडी मला हवीशी वाटली तर तो लोभ. शेजाऱ्याला गाडी मिळाली ह्याचेच मला वाईट वाटले तर ती एन्व्ही. माझ्या दारात दोन गाड्या उभ्या असल्या तरी त्याच्या दारातली एक गाडी माझ्या डोळ्यांत खुपू शकते. लोभाला वस्तू हवी असते. एन्व्हीला पुष्कळदा वस्तू नकोच असते. ती त्याच्याकडे नसली म्हणजे झाले.

शलमोन राजाच्या न्यायाची गोष्ट आठवा (१ राजे ३:१६-२८). एकाच घरात राहणाऱ्या दोन स्त्रिया. एकीचे मूल रात्री दगावले. ती दुसरीचे मूल आपले म्हणून सांगू लागली. राजाने मूल कापून दोघींना वाटून द्या म्हणताच खरी आई कळवळली आणि मूल तिलाच देऊन टाका म्हणाली. दुसरीने मात्र कापायला संमती दिली : मलाही नको, तिलाही नको. एन्व्ही शेवटी कुठवर जाते त्याचे ह्याहून स्पष्ट चित्र सापडणे कठीण.

शब्दांची कुळी

दोन्ही शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आले, परंतु त्यांची घराणी वेगळी आहेत.

'एन्व्ही'चे मूळ लॅटिन 'इन्विदिया' ह्या शब्दात आहे. त्यात 'विदेरे', म्हणजे पाहणे, हा धातू आहे. कुणाकडे वाईट नजरेने पाहणे हा मूळ अर्थ. म्हणजे हे डोळ्यांचे पाप आहे. इटलीचा महाकवी दान्ते ह्याने आपल्या 'डिव्हाइन कॉमेडी' ह्या काव्यात शुद्धीस्थानाच्या डोंगरावर मत्सरी आत्म्यांना जागा दिली आहे. तिथे त्यांच्या पापण्या लोखंडी तारेने शिवलेल्या आहेत. ज्या डोळ्यांना दुसऱ्याचे भले पाहवले नाही, त्या डोळ्यांचीच तिथे शुद्धी होते.

आपल्या मराठीलाही हे ठाऊक आहे. 'त्याला कुणाचं चांगलं बघवत नाही' असे आपण म्हणतो. लॅटिन न शिकताही आपल्या आजी-आजोबांनी तोच अर्थ पकडला होता.

'जेलस' हा शब्द ग्रीक 'झेलोस'पासून आला. झेलोस म्हणजे आतली धग, आवेश, आस्था. ह्याच मुळापासून इंग्रजीत 'झील' म्हणजे आवेश हा चांगल्या अर्थाचा शब्दही आला. प्रभू येशूच्या बारा प्रेषितांपैकी एक शिमोन ह्याला जिलोत म्हणत (लूक ६:१५). ते 'जिलोत' ह्याच घराण्यातले. म्हणजे जेलस आणि झेलस हे सख्खे भाऊ. धग एकच, ती चुलीत राहिली तर अन्न शिजते, छपराला लागली तर घर जळते.

ह्याच शब्दाची एक गंमत सांगावीशी वाटते. फ्रेंच भाषेत 'जालूझी' म्हणजे जेलसी, आणि लाकडी आडव्या पट्ट्यांच्या खिडकीलाही तेच नाव आहे. अशा खिडकीच्या आड उभे राहिले की आपल्याला बाहेरचे दिसते, बाहेरच्याला आपण दिसत नाही. संशयी माणूस असाच पाळत ठेवून जगतो.

बोलताना कसे वापरावे?

आता मुलांसाठी थोडे व्याकरण.

पहिली गोष्ट : 'एन्व्ही' हे नाम आहे आणि क्रियापदही आहे. म्हणून 'आय एन्व्ही यू' हे वाक्य बरोबर. 'जेलस' हे फक्त विशेषण आहे. म्हणून 'आय जेलस यू' हे चूक. 'आय ॲम जेलस ऑफ यू' असे म्हणावे.

दुसरी गोष्ट : दोन्ही विशेषणांपुढे 'ऑफ' येते. 'एन्व्हियस ऑफ', 'जेलस ऑफ'. मराठीत आपण 'तो माझ्यावर जळतो' असे म्हणतो. तो 'वर' डोक्यात असल्यामुळे आपली मुले 'जेलस ऑन मी' असे बोलून जातात. तसे बोलू नये.

तिसरी गोष्ट : एन्व्हीला एक सौम्य बाजू आहे. कुणी आपल्या बागेचे कौतुक करताना 'आय एन्व्ही यू' म्हणाला तर रागावण्याचे कारण नाही. ती स्तुतीच आहे. 'एन्व्हिएबल' म्हणजे हेवा वाटावा असा, आणि ते चांगल्या अर्थाने म्हणतात. नको असलेल्या कठीण कामाला 'अनएन्व्हिएबल' म्हणतात.

चौथी गोष्ट : 'जेलसली गार्डेड' म्हणजे डोळ्यांत तेल घालून जपलेले. आजीने कुणालाही न सांगितलेली मसाल्याची कृती 'जेलसली गार्डेड सीक्रेट' असते. इथेही जेलसीचा मूळ अर्थ, म्हणजे आपले ते राखणे, कायम आहे.

पाचवी आणि सर्वांत उपयोगी गोष्ट : रोजच्या इंग्रजीत 'जेलस' हा शब्द एन्व्हीच्या जागीही सर्रास वापरतात. मैत्रीण सहलीला निघाली की 'आय ॲम सो जेलस' म्हणतात. ते चूक आहे असे म्हणता येणार नाही. इंग्रज माणसेही तसेच बोलतात. पण उलट मात्र चालत नाही. बायकोवर संशय घेणाऱ्या नवऱ्याला 'एन्व्हियस हजबंड' कुणी म्हणत नाही. थोडक्यात, जेलसचा पदर मोठा आहे, तो दोन्ही झाकतो. एन्व्हीचा पदर लहान आहे. निबंध लिहिताना किंवा परीक्षेत फरक दाखवायचा असेल तेव्हा जे नाही त्याच्यासाठी एन्व्ही आणि जे जाईल त्याच्यासाठी जेलसी, असे धरून चालावे.

शेक्सपियरच्या 'ऑथेल्लो' ह्या नाटकात दोन्ही दुखणी एकत्र भेटतात. कॅसिओला मिळालेली बढती इयागोला सहन होत नाही; ती एन्व्ही. तो ऑथेल्लोच्या कानात विष ओततो आणि आपली बायको आपल्या हातून चालली असे ऑथेल्लोला वाटू लागते, ती जेलसी. एकाच्या एन्व्हीने दुसऱ्याची जेलसी पेटवली आणि निरपराध डेस्डेमोना प्राणाला मुकली. हेच नाटक गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० साली 'झुंझारराव' म्हणून मराठीत आणले. त्यांचेच १९१६ सालचे 'संशयकल्लोळ' तर आपल्याला हसवते. फाल्गुनराव आणि कृत्तिका एकमेकांवर संशय घेतात ती जेलसीच. देवलांनी नाटकाच्या नावात 'मत्सर' न घालता 'संशय' घातला, हे लक्षात घ्यावे.

मराठीत कोणता शब्द?

शब्दकोशात दोघांपुढे 'मत्सर' दिसतो, पण आपल्या भाषेत निवड पुष्कळ आहे. 'हेवा' हा एन्व्हीला सर्वांत जवळचा. सौम्यही आणि कडकही. दुसऱ्याच्या गुणांतही दोष शोधण्यापर्यंत गोष्ट गेली की ती 'असूया'. 'जळफळाट' आणि 'पोटात दुखणे' हे बोलीतले. जेलसीसाठी नवरा-बायकोत 'संशय' हा शब्द बसतो, आणि 'सवतीमत्सर' ह्या शब्दात तर तीन माणसे उघडच आहेत. 'ईर्षा' मात्र दुहेरी आहे. ईर्षेने दुसऱ्याचे वाईट चिंतणारा असतो, तसा ईर्षेने अभ्यास करून पहिला येणाराही असतो. ग्रीक 'झेलोस'सारखीच ही धग दोन्हींकडे वळते.

बायबलमध्ये हे शब्द

दोन्ही शब्दांची सरमिसळ बायबलच्या इंग्रजी भाषांतरांतही दिसते. मुख्य याजकांनी प्रभू येशूला मत्सराने धरून दिले हे पिलाताने ओळखले होते, असे मार्क सांगतो (मार्क १५:१०). आणि प्रीती हेवा करीत नाही, असे संत पौल करिंथकरांना सांगतो (१ करिंथ १३:४). १६११ सालच्या किंग जेम्स भाषांतरात दोन्ही ठिकाणी एन्व्ही आहे. १९४६ साली निघालेल्या रिव्हाइज्ड स्टँडर्ड भाषांतराच्या नव्या करारात मार्ककडे एन्व्ही, तर पौलाकडे जेलस. १९८९ सालच्या नव्या रिव्हाइज्ड स्टँडर्डमध्ये अगदी उलट : मार्ककडे जेलसी, पौलाकडे एन्व्हियस. मूळ ग्रीकमध्ये मार्कचा शब्द 'फ्थोनोस' आहे, जो एन्व्हीचाच; आणि पौलाचा शब्द 'झेलोस'च्या घराण्यातला आहे.

भाषांतरकारांचा गोंधळ समजण्यासारखा आहे, कारण माणसाच्या मनातच ही दोन दुखणी एकमेकांत मिसळतात. याजकांना येशूभोवतीची गर्दी पाहवत नव्हती, ती एन्व्ही. आणि हे असेच चालले तर आपले स्थान जाईल ही भीतीही त्यांनी सभेत बोलून दाखवली (योहान ११:४८), ती जेलसी.

शौल राजाचेही तेच झाले (१ शमुवेल १८:६-९). लढाईहून परतताना स्त्रियांनी गाण्यात शौलाला हजारांचा मान दिला आणि दावीदाला दहा हजारांचा. आधी त्याला त्या मोठ्या आकड्याचे दुःख झाले, मग लगेच राज्य जाण्याची भीती वाटली. त्या दिवसापासून तो दावीदावर डोळा ठेवू लागला, असे पवित्र शास्त्र म्हणते. पुन्हा डोळाच.

काही जण विचारतात, देव स्वतःला जेलस कसा म्हणवतो? निर्गम २०:५ मध्ये इंग्रजीत 'जेलस' आणि मराठीत 'ईर्ष्यावान' असा शब्द येतो. इथे एन्व्ही हा शब्द कुठलाही भाषांतरकार घालणार नाही. देवाजवळ काही कमी नाही, मग तो कुणाचा हेवा करणार? पण आपली माणसे मूर्तींच्या मागे लागून नाश पावत आहेत हे तो थंडपणे पाहू शकत नाही. संत पौलही करिंथच्या मंडळीविषयी आपल्याला दैवी आस्था वाटते असे म्हणतो, तेव्हा तोच झेलोस वापरतो (२ करिंथ ११:२). माणसाच्या जेलसीत स्वतःची भीती असते. देवाच्या जेलसीत आपली काळजी असते.

कोणते अधिक घातक?

एन्व्ही सात प्रमुख पापांत गणली जाते. सहाव्या शतकाच्या शेवटी संत ग्रेगरी महान ह्यांनी तिला त्या यादीत घातले. संत थॉमस अक्वायनस ह्यांनी तिची व्याख्या केली : दुसऱ्याच्या भल्याचे दुःख. त्याचबरोबर त्यांनी एक भेदही दाखवला. त्याला मिळाले म्हणून वाईट वाटणे वेगळे, आणि आपल्यात तो चांगला गुण नाही म्हणून वाईट वाटणे वेगळे. दुसरे पाप नव्हे. ते माणसाला वर चढवूही शकते.

एन्व्हीची एक खूण अशी की ती लांबच्यावर होत नाही. ॲरिस्टॉटलने फार पूर्वी लिहून ठेवले की आपण हेवा करतो तो आपल्या बरोबरीच्यांचा, वयाने आणि जागेने जवळच्यांचा. उद्योगपतीच्या महालाने आपली झोप उडत नाही. चुलतभावाच्या घरावर चढलेल्या दुसऱ्या मजल्याने उडते. म्हणूनच ती भावकीत शिरते, गायनवृंदात शिरते, सणाच्या कमिटीतही शिरते. आणि तिची कबुली कुणी देत नाही. राग आला हे आपण सांगतो, लोभ झाला हेही सांगतो. हेवा वाटला हे सांगायला जीभ वळत नाही, कारण ते सांगताना आपण कमी आहोत असे मान्य करावे लागते. मग तिला आपण वेगळीच नावे देतो : 'मी फक्त खरं बोललो', 'त्यांना गर्व झालाय, म्हणून सांगितलं'.

जेलसीचा धोका निराळा आहे. तिला प्रेमाचे नाव मिळते. 'संशय घेतो म्हणजे जीव आहे' असे लग्नाळू मुलींना सांगितले जाते, चित्रपटांतही दाखवले जाते. आम्हांला हे स्पष्टपणे सांगावेसे वाटते : आपल्या माणसाला जपावेसे वाटणे हे प्रेम आहे, त्याचा फोन तपासणे, त्याला माहेरी जाऊ न देणे, कुणाशी बोलला म्हणून जाब विचारणे हे प्रेम नव्हे. हात उचलला गेला तर तो गुन्हा आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा २००५ चा कायदा मारहाणीबरोबर शाब्दिक आणि मानसिक छळालाही हिंसाचारच मानतो. असे सोसणाऱ्या भगिनीने 'माझा क्रूस' म्हणून गप्प बसू नये. धर्मगुरूंशी, धर्मभगिनींशी किंवा विश्वासातल्या माणसाशी बोलावे आणि कायद्याची मदत घ्यावी.

दोन औषधे

दुखणी दोन, म्हणून औषधेही दोन.

एन्व्हीचे औषध म्हणजे डोळे बदलणे. अलिशिबेकडे पाहावे (लूक १:३९-४५). ती वयाने मोठी, याजकाची पत्नी. आयुष्यभर वाट पाहून तिची कूस उजवली होती. आणि दारात येते तिची तरुण नातलग, तिच्याहून मोठा मान घेऊन. अलिशिबा मोठ्याने तिला धन्य म्हणते. हेव्यावर हा उपाय आजही चालतो : ज्याचे चांगले बघवत नाही, त्याचे त्याच्या तोंडावर अभिनंदन करावे आणि त्याचे नाव घेऊन प्रार्थना करावी. सुरुवातीला शब्द कोरडे निघतील. तरी म्हणावे.

जेलसीचे औषध म्हणजे मूठ सैल करणे. योहान बाप्तिस्ताचे शिष्य तक्रार घेऊन आले की सगळे लोक आता येशूकडे चालले आहेत (योहान ३:२६-३०). योहानाने स्वतःला वराचा मित्र म्हटले आणि आनंद मानला. जे आपल्याला मिळाले ते दान आहे, मालकी नाही, हे त्याला ठाऊक होते. घरात भीती वाटत असेल तर पाळत ठेवण्यापेक्षा सरळ बोलावे : 'मला एकटे वाटते.' भावंडाच्या जन्मानंतर रुसलेल्या मुलीला 'जेलस कुठची' म्हणून चिडवण्यापेक्षा दिवसातली पंधरा मिनिटे तिच्या एकटीसाठी ठेवावीत. तिची भीती खरी असते. तिला खात्री हवी असते.

कुटुंबात चर्चेसाठी

पुढील प्रसंगी एन्व्ही की जेलसी, ते मुलांना विचारावे.

१. योसेफाला बापाने दिलेला सुंदर झगा पाहून त्याचे भाऊ त्याचा द्वेष करू लागले.
२. द्राक्षमळ्यात दिवसभर राबलेल्या मजुरांना शेवटी आलेल्यांची पूर्ण मजुरी खुपली.
३. उधळ्या पुत्रासाठी मेजवानी झाली म्हणून थोरला भाऊ घरात शिरेना.

दुसऱ्याचे उत्तर सोपे आहे : एन्व्ही. ठरलेली मजुरी त्यांना मिळाली होती, त्यांचे काहीच गेले नव्हते. पहिल्यात दोन्ही आहेत. झग्याची एन्व्ही आणि बापाच्या मायेची जेलसी. तिसऱ्याचे उत्तर आम्ही देत नाही. थोरल्याला करडू मिळाले नाही ह्याचे दुःख होते, की बाप आपल्या हातून चालला ह्याची भीती होती? बापाने त्याला दिलेले उत्तर (लूक १५:३१) घरी मोठ्याने वाचावे. त्या एका वाक्यात बापाने दोन्ही दुखण्यांवर हात ठेवला आहे. मग प्रत्येकाने आपापल्या मनाला विचारावे, आज मला ते वाक्य कोणत्या दुखण्यासाठी ऐकायचे आहे?